खात्रीची फेरी

आमच्या घराला कुलूप लावायला शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आधी मी गॅसचं बटण पाहतो, मग मागच्या बाल्कनीची कडी, मग नळ. नळ अशासाठी, की मुकुंदवाडीत आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आणि कोरडा म्हणून उघडा राहिलेला नळ नेमका आपण बाहेर गेल्यावर वाहायला लागतो. मग दार ओढून कुलूप लावायचं आणि दोन हिसके देऊन पाहायचं. मी जिना उतरायला लागलो की बायको मागं राहते आणि तिचा स्वतःचा एक हिसका देते. माझ्यावर विश्वास नाही असं नाही. दुसऱ्यानं तपासलेलं आपण एकदा पाहावं, एवढंच. समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणतात, "तुमच्याकडं चोर आला तर त्याला हत्यार आणायची गरज नाही, तुम्हीच रोज कुलूप ढिलं करून ठेवता."

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शेवटच्या तपासणीवर आहे. माल पेटीत बंद होण्याआधी माझ्या टेबलावरून जातो. बायको इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पेपर तपासून झाला की ती गुणांची बेरीज वरून खाली करते आणि मग खालून वर करते. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिल्या होत्या. त्यात काय काय जुळलं ते मला आठवत नाही, पण ही जी सवय जुळली ती पत्रिकेत लिहिलेली नव्हती.

मला लिहायचं आहे ते तिच्या पीएच.डी.बद्दल, आणि तिच्यात आमच्या कुलपाचा काय संबंध आला त्याबद्दल.

मुलगी शाळेत होती तेव्हा बायकोनं नाव नोंदवलं. आता मुलगी पुण्यात नोकरी करते. मधली वर्षं कुठं गेली ते मला तोंडपाठ आहे. कॉलेजचे तास, परीक्षांची कामं, माझ्या वडिलांचं आजारपण, करोनाचा काळ, माझं एक ऑपरेशन. यातलं एकही तिनं कारण म्हणून कुणाला सांगितलं नाही. नातेवाइकांत मात्र तो चेष्टेचा विषय झाला होता. माझी एक मावसबहीण दर दिवाळीला विचारायची, "वहिनी, पदवी आधी मिळणार का पेन्शन?" बायको हसायची आणि तिच्या ताटात अजून एक करंजी वाढायची.

माझी आई आमच्याजवळ असते. वडील गेल्यावर ती जालन्याकडच्या गावाहून आली आणि इथंच राहिली. सुरुवातीला तिलाही सुनेचं शिकणं पटलं नव्हतं. नोकरी हाय, पगार हाय, मग अजून कामून डोकं फोडायचं, असं ती मला एकट्याला गाठून विचारायची. पण एका दिवाळीला पेन्शनचा तो विनोद तिच्या कानावर पडला. त्या दिवसापासून संध्याकाळच्या भाकरी तिनं आपल्याकडं घेतल्या. सुनेला म्हणाली, "तू तुझं ते घेऊन बस. त्या पेन्शनवालीचं तोंड बंद झालं पाहिजे."

मग कळलं की नोंदणीची मुदत आता शेवटची वाढवून मिळाली आहे. या सत्रात समितीपुढं काम मांडायचं, ते मान्य झालं तर प्रबंध सादर करायचा. नाही झालं तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. आमच्या घरात त्या महिन्यांत दुसरा विषय नव्हता. जेवताना तोच, भाजी निवडताना तोच.

तिचं काम काय ते मी माझ्या भाषेत सांगतो. तिनं हा भाग वाचला आहे आणि "ढोबळ आहे, पण चूक नाही" असं म्हटलं आहे, म्हणून निर्धास्तपणे सांगतो.

रेडिओवरून निरोप पाठवला की वाटेत तो खराब होतो. निरोप म्हणजे शून्य आणि एक यांची ओळ. हवेत, विजेच्या तारांजवळ, मोटारीच्या ठिणग्यांत काही शून्यांचे एक होतात आणि काही एकांचे शून्य. म्हणून पाठवणारा मूळ आकड्यांबरोबर काही जादा आकडे पाठवतो. ते असे बेतलेले असतात, की ठरवून दिलेल्या आकड्यांची बेरीज सम आलीच पाहिजे. आमच्या कारखान्यातल्या तक्त्याला आडवी आणि उभी बेरीज असते, तसंच. एका आडव्या ओळीची बेरीज चुकली आणि एका उभ्या रकान्याचीही चुकली, तर चोर, म्हणजे चुकलेला आकडा, त्या दोन्हींच्या चौकात सापडतो. तिच्या निरोपात अशा बेरजा पुष्कळ असतात, एकेक आकडा अनेक बेरजांत गुंतलेला असतो, आणि चोरही एकटा नसतो. त्यामुळं निरोप घेणाऱ्या यंत्राला फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक बेरीज आपल्या आकड्यांना विचारते, तुमच्यात संशय कुणावर. आकडे आपलं मत सांगतात, दुसऱ्यांचं ऐकून बदलतात, आणि काही फेऱ्यांनी सगळ्या बेरजा सम झाल्या की निरोप दुरुस्त झाला. या दुरुस्तीला डीकोडिंग म्हणतात.

मोठ्या संगणकावर हे जमवणं नवीन नाही. बायकोचा प्रश्न एका साबणदाणीएवढ्या डबीचा होता. ही डबी शेतातल्या पाइपलाइनच्या व्हॉल्व्हवर बसवायची. तिला लांबून निरोप जातो, उघड किंवा बंद कर. डबीतली चिप लहान, बॅटरी लहान, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या तिनंच मारायच्या. प्रत्येक फेरीला बॅटरी खर्च होते. एका हंगामात बॅटरी बदलायला लागू नये, ही अट. थोडक्यात, दुरुस्ती तितकीच पक्की राहिली पाहिजे, पण तिला लागणारी मेहनत कमी झाली पाहिजे. प्रबंधाच्या नावात हेच आहे, फक्त लांब शब्दांत.

तिनं कापायचं काही बाकी ठेवलं नाही. गुणाकार काढले आणि त्यांच्या जागी नुसती तुलना आणली. कुठल्या आकड्याची खात्री सगळ्यांत कमी, एवढंच पाहायचं. आकड्यांची मतं पूर्वी लांबलचक दशांशांत ठेवलेली असत. ती गोल करून थोड्या पायऱ्यांत बसवली, म्हणजे फार पक्कं, पक्कं, डळमळीत, अशी. प्रत्येक काटछाटीनंतर दुरुस्ती बिघडली का ते पाहायचं. त्यासाठी रविवारी सकाळी ती आमच्या गच्चीवर निरोप पाठवणारं यंत्र घेऊन बसायची, आणि मी डबी आणि तिच्याबरोबरचा लॅपटॉप घेऊन स्कूटरवर जालना रोडनं पुढं, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीपाशी जाऊन उभा राहायचो. त्याला मोटर चालू करायला सांगायचो, म्हणजे निरोप चांगला बिघडेल. तो म्हणायचा, "साहेब, लोक रेंज यावी म्हणून झाडावर चढतात. तुम्ही जावी म्हणून इथं येता व्हय?" मी व्हय म्हणायचो. डबीपर्यंत जे जे बिघडलेलं पोचायचं ते सगळं जसंच्या तसं लॅपटॉपमध्ये साठवून घरी आणायचो. मला या कामात अक्कल लागत नव्हती, पण चोख उभं राहावं लागत होतं, आणि ते मला येतं.

एवढं करूनही बॅटरीचं गणित बसेना. तिचे मार्गदर्शक सर जुन्या शहरातले, निवृत्तीला आलेले. मराठी, उर्दू आणि गणित ही तिन्ही ते एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी सगळे आकडे पाहिले आणि म्हणाले, घर तर पूर्ण झाडून काढलंत मॅडम, पण कचरा कुठंतरी आहेच. समितीत बाहेरून जे येणार आहेत ते नुसते कागद पाहणारे नव्हेत, डबी हातात घेऊन पाहणारे आहेत. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं चहा केला आणि साखर घालायची राहिली. आईनं तो कुरकुर न करता तसाच पिला. आमच्या आईसाठी ही मोठी गोष्ट.

प्रोग्रॅमचा आराखडा तिनं मोठ्या कागदावर काढून फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. दूध काढताना मी तो रोज वाचायचो. वरून खाली चौकटी आणि बाण. निरोप घ्या. मतं लिहा. बेरजा तपासा. सगळ्या सम झाल्या का? नसतील तर पुन्हा वर जा. झाल्या असतील तर खालची चौकट, तिच्यात लिहिलं होतं, खात्रीची फेरी. म्हणजे सगळं जुळल्यानंतरही एक अख्खी फेरी परत मारायची, आणि तेच उत्तर आलं तरच व्हॉल्व्हला हुकूम द्यायचा. मतं गोल करून ठेवायला लागली तेव्हा तिनं ही चौकट घातली होती. गोल केलेल्या आकड्यांत बेरजा चुकून जुळल्या तर? बंदच्या जागी उघड झालं तर कुणाचं तरी उभं पीक पाण्यात जाईल. त्यामुळं सरांना दाखवायच्या तक्त्यातसुद्धा ही फेरी तिनं खर्चाच्या सदरात धरली नव्हती. सुरक्षेच्या सदरात धरली होती.

बाकी प्रत्येक चौकटीपाशी तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, हिच्यातून काही वाचेल का म्हणून. या एका चौकटीपाशी प्रश्नचिन्ह नव्हतं. मला तर सगळ्या आराखड्यात तीच चौकट सगळ्यांत जास्त आवडायची, कारण तेवढीच एक मला पूर्ण कळत होती. तिच्यावर बोट ठेवणारं आमच्या घरात कुणी असणं शक्यच नव्हतं.

समितीची तारीख जवळ आली असताना उस्मानपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न आलं. सकाळचा मुहूर्त होता. बायकोला जायचं नव्हतं. आई म्हणाली, तू नाय आलीस तर ती पेन्शनवाली काय काय बोलंल ते मला एकटीला ऐकावं लागंल, चल. मग आम्ही तिघंही निघालो.

गॅस पाहिला, कडी पाहिली, नळ पाहिला. कुलूप लावलं. माझे दोन हिसके झाले, बायकोचा एक झाला. आई आधीच जिन्याच्या वळणावर जाऊन उभी होती. सगळं अगदी व्यवस्थित. तिच्यापर्यंत पोचलो आणि मला वाटलं, मी नळापाशी गेलो खरा, पण नळ बंद असलेला डोळ्यांसमोर येत नाही. मी परत वर गेलो आणि कुलूप काढलं. नळ बंद होता. आता उघडलंच आहे तर गॅसही पाहिला. बायको माझ्यामागं आली होती, तिनं तोवर बाल्कनीची कडी परत पाहिली. दोघं बाहेर आलो, कुलूप लावलं, दोन हिसके, एक हिसका. खाली उतरलो. आई वळणावर नव्हती. जिना तिला जड जातो, म्हणून ती पुढं होऊन खाली बोलावलेल्या रिक्षात बसली असेल असं आम्ही धरून चाललो.

रिक्षात कुणी नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, इथं कुणीच आलं नाही. मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि मग समोरच्या काकांचं हसणं वरून ऐकू आलं म्हणून मान वर केली. आमच्या पुढच्या गॅलरीत, जाळीच्या मागं, लग्नाची जरीची साडी नेसून आई उभी होती. ओरडत नव्हती. सभेत अध्यक्षांच्या भाषणाची वाट पाहणाऱ्या बाईसारखी शांत उभी होती. आम्ही दोघं गॅस आणि कडीपाशी गुंतलो होतो तेव्हा दार उघडं दिसलं म्हणून ती शाल घ्यायला तिच्या खोलीत शिरली होती.

"कुलूप पक्कं लागलंय रे," ती वरून म्हणाली. "मी आतून ओढून पाहिलं, निघत नाय."

काकांनी पुढं चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला हे वाक्य ऐकवलं. मी वर जाऊन दार उघडलं. आई खाली आली, रिक्षात बसली, शाल मांडीवर नीट घडी करून ठेवली, आणि रिक्षा जालना रोडला लागल्यावर सुनेला म्हणाली, "पहिल्या खेपेला समदं बरोबर होतं. मी बाहेर होते, कुलूप दाराला होतं. दुसऱ्या खेपेला तुम्ही मला कोंडलं. बरोबर झालेलं कामून उकलता?"

मी आईची माफी मागत होतो. बायको रिक्षाबाहेर पाहत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल, किंवा राग आला असेल, लग्नाला यायचं नव्हतं तिला. मंगलाष्टकं संपली तरी अक्षता तिच्या मुठीतच होत्या. मावसबहीण शेजारी होती. ती म्हणाली, "वहिनी, लग्न लागलं, टाका आता." बायकोनं अक्षता टाकल्या त्या निम्म्या पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडल्या.

पंगतीला ती माझ्या शेजारी बसली. मठ्ठा वाढून झाला, आणि मग ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अहो, सगळं जुळल्यानंतर जी फेरी मारते, तिनं आजवर एखादं तरी उत्तर सुधारलंय का, हे मी कधी पाहिलेलंच नाही."

मी म्हटलं, पाहायला काय हरकत आहे. असं म्हटलं खरं, पण मला कुणी दाराचं कुलूपच काढून टाकू का असं विचारावं, तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्कूटरची किल्ली घेऊन तयार होतो, तर ती म्हणाली आज शेतात जायचं नाही. विहिरीपासून आणलेले सगळे निरोप तिच्याकडं साठवलेले होतेच. ते तिनं परत एकदा त्याच प्रोग्रॅममधून काढले. फक्त या वेळी प्रत्येक निरोपाची दोन उत्तरं वेगळी ठेवली, जुळल्याक्षणी कोणतं उत्तर होतं ते एक आणि खात्रीच्या फेरीनंतर कोणतं ते दुसरं. दोन्ही तिनं खऱ्या निरोपाशी ताडून पाहिली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप चालू होता, आई ओट्यापाशी भाकरी थापत होती, आणि मी वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो.

उत्तर आलं तेव्हा तिनं मला हाक मारली नाही. तिनं परत सगळं पहिल्यापासून चालवलं. दुसऱ्यांदाही तेच आल्यावर हाक मारली.

त्या फेरीनं एकही निरोप सुधारला नव्हता. जे निरोप बऱ्या अवस्थेत येत होते ते एक-दोन फेऱ्यांतच जुळत होते, म्हणजे तिथं ही जादा फेरी तिसरा हिस्सा ते निम्मी मेहनत एकटी खात होती. इथपर्यंत ठीक. पण मोटरीच्या अगदी जवळ घेतलेल्या काही निरोपांत आणखी वेगळं घडलं होतं. उत्तर जुळलं होतं, बरोबरही होतं, आणि खात्रीच्या फेरीत गोल केलेली मतं डळमळून तेच उत्तर बिघडलं होतं. मग ते परत जुळवायला पुढं आणखी फेऱ्या. ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघा. इथं आत्या बाहेर होत्या. इथं आत गेल्या."

आत्या म्हणजे माझी आई. ओट्यापाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. आईनं विचारलं, माझं काय तिथं.

तुम्हाला वाटेल, तिनं लगेच ती चौकट खोडली असेल. तशी ती असती तर मला तिचा इतका अभिमान वाटला नसता. फेरी निरुपयोगी आहे हे कळलं, पण फेरीमागची काळजी खोटी नव्हती. बेरजा जुळल्या आणि निरोप मात्र भलताच निघाला, असं क्वचित होऊ शकतं. ही फेरी त्याला अडवत नव्हती हे दिसलं होतं, मग अडवणार कोण? निरोपाच्या शेवटी शेपटीसारखे थोडे आकडे असतात, निरोपावरूनच काढलेले. ते आधीपासून होते, डबी ते वाचायची आणि सोडून द्यायची. निरोपावरून शेपटी काढायची आणि आलेल्या शेपटीशी ताडायची, याला फेरी लागत नाही. मेहनत नगण्य. शेपटी जुळली नाही तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, निरोप परत मागवायचा. तिनं मुद्दाम भलते पण जुळणारे निरोप तयार करून डबीला दिले आणि शेपटी त्यांना पकडते का ते पाहत राहिली. जी थोडी शक्यता तरीही उरते ती तिनं हिशेब करून प्रबंधात तशीच लिहिली, लपवली नाही. हे सगळं झाल्यावर मला फ्रिजपाशी बोलावलं आणि माझ्यासमोर त्या चौकटीवर काट मारली. मला वाटतं, तिला साक्षीदार हवा होता.

सरांना तिनं सगळं सांगितलं, कुलपासकट. ते म्हणे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "मॅडम, हा तर निव्वळ तकल्लुफ होता, नुसता शिष्टाचार. पाहुणा आला, बसला, चहा पिला, आणि तुम्ही त्याला उठवून परत दारात नेत होतात, नीट आलात ना विचारायला." बॅटरीचं गणित बसलं होतं, आणि थोडी शिल्लकही उरत होती.

समितीपुढचं सादरीकरण कुणालाही ऐकता येतं. मी कारखान्यात अर्धी रजा टाकली आणि मागच्या बाकावर बसलो. बायकोच्या हातात डबी आणि कागद होते, आणि माझ्या पिशवीत आमचा स्वयंपाकघरातला मिक्सर. आयत्या वेळी निरोप बिघडवायला विहिरीची मोटर कुठून आणणार, म्हणून आईनं सकाळी चटणी वाटून मिक्सर धुवून दिला होता.

बाहेरून आलेले परीक्षक खरंच कागदात फार रमले नाहीत. त्यांनी डबी उचलली, उलटी करून पाहिली, आणि आराखड्याच्या पडद्याकडं पाहत बायकोला विचारलं, "सगळ्या बेरजा जुळल्या की पुढं सरळ शेपटी आणि हुकूम? इतका धोका असताना एक फेरी खात्रीची का नाही ठेवली?"

मी मिक्सरची पिशवी घट्ट धरली. प्रश्न माझाच होता. मी तिथं परीक्षक असतो तर हाच विचारला असता.

"होती सर," ती म्हणाली. "मीच घातली होती. मीच काढली."

मग तिनं दोन्ही उत्तरांचा तक्ता लावला. कुठं फेरीनं काहीच केलं नाही, कुठं बरोबर आलेलं बिघडवलं, शेपटी काय पकडते, काय सुटू शकतं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. वर्गात शिकवते तसंच बोलली. मी तिला वर्गात शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून हे मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते पाहायला मला अर्धी रजा लागली.

परीक्षक म्हणाले, आता चालवून दाखवा. मी पुढं जाऊन टेबलावर मिक्सर लावला आणि बटण फिरवलं. खोलीत दुसरं काही ऐकू येईना. सरांनी दुसऱ्या टोकाहून निरोप पाठवले. डबीला जोडलेल्या नमुन्याच्या व्हॉल्व्हचा छोटा दांडा प्रत्येक वेळी सांगितल्याप्रमाणं हलत होता, उघड, बंद, उघड. एकदा तो हलला नाही. सगळे थांबले. बायको मात्र थांबली नाही, तिनं पडद्यावरची ओळ दाखवली. शेपटी जुळली नव्हती, डबीनं निरोप परत मागवला होता. तो परत आला आणि दांडा हलला. मी मिक्सर बंद केला. परीक्षक म्हणाले, मला हेच पाहायचं होतं, न हलणं.

आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं. मग बोलावून सांगितलं की काम मान्य आहे, प्रबंध सादर करा. सर माझ्याकडं आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, मुबारक, पण मिक्सरवाल्याचं नाव आभारात पाहिजे. बायको त्यांच्या मागं उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मी मिक्सरची वायर गुंडाळत होतो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, झालं का. बायको झालं म्हणाली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच माझ्याकडं वळून म्हणाली, त्या पेन्शनवालीला फोन लाव. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही. लांब झालं, आणि आईचंच जास्त झालं.

संध्याकाळी आम्ही तिघं सरांकडं पेढे द्यायला निघालो. मी गॅस पाहिला, कडी पाहिली, नळ पाहिला. कुलूप लावलं. बायको पदर सावरत सरळ जिना उतरून गेली, मागं राहिली नाही. मी कुलपाला हात लावून उभा होतो. एक हिसका दिला. दुसरा द्यायला हात गेला होता, पण तेवढ्यात जिन्याच्या वळणावरून आईचा आवाज आला, "मी बाहेर हाय रे."

हात काढून घेतला आणि खाली उतरलो. आता आम्ही निघताना ती दर वेळी हे सांगते, आणि तेवढं पुरतं.